पडद्यावरची भाषा

मागच्या डिसेंबरात साताऱ्याचे घर आवरायला गेलो होतो. अण्णांना जाऊन दोन वर्षे झाली. आई आता धाकट्या बहिणीकडे कोल्हापुरात असते. बंद घर किती दिवस ठेवायचे, हा इकडे राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातला प्रश्न आमच्या घरी एकदाचा सुटला होता. आवराआवरीला आईही आली होती. माळ्यावरची घंगाळे उतरली, पंचांगांची चळत बांधली, दिवाळी अंक वाचनालयाला गेले. शेवटी उरला तो पुढच्या खोलीच्या कोपऱ्यातला, आईने भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली झाकलेला कॉम्प्युटर. २००३ साली मीच तो अण्णांना घेऊन दिला होता.

"हा भंगारात ना?" मी विचारले.

"आधी चालू करून बघ, मग ठरव," आई म्हणाली.

आश्चर्य म्हणजे तो चालू झाला. जाडजूड मॉनिटरचा पडदा हळूहळू उजळला आणि त्यावर दोन नावे आली. एक अण्णांचे, इंग्रजी अक्षरांत. दुसरे आईचे, देवनागरीत. मी अर्थातच अण्णांच्या नावावर टिचकी मारली. आत फारसे काही नव्हते. एक फाइल मात्र मला ओळखीची होती. तिचे नाव इंग्रजी अक्षरांत 'भूकंप' असे होते. उघडली. तीन पाने भरून नुसती प्रश्नचिन्हे. ओळीमागून ओळी, परिच्छेदामागून परिच्छेद, मध्ये कुठे एखादा स्वल्पविराम.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अण्णा पाटण तालुक्यात शिक्षक होते. त्या पहाटेच्या आणि पुढच्या आठवड्याच्या आठवणी त्यांनी २००५ साली महिनाभर एकेका बोटाने टाइप केल्या. फाइल जतन करताना यंत्राने इंग्रजीत एक प्रश्न विचारला. त्याचा अर्थ असा होता की या मजकुरात अशी अक्षरे आहेत जी या पद्धतीने साठवली तर नाहीशी होतील, पुढे जायचे का? अण्णांनी 'ओके' दाबले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तेव्हा भूकंपाची सगळी प्रश्नचिन्हे झाली होती.

अण्णांना इंग्रजी येत नव्हते असे कृपा करून समजू नका. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेला तो माणूस. तीस वर्षे हायस्कुलात त्यांनी इंग्रजी शिकवले. पण पुस्तकातली इंग्रजी वेगळी आणि ऐन कामात अंगावर आलेली चौकट वेगळी. अशा वेळी आपण वाचत नाही, सुटका करून घेतो. चूक यंत्राची नव्हती, त्याने विचारले होते. पण ज्या भाषेत मजकूर लिहिला जात होता त्या भाषेत विचारले नव्हते.

प्रश्नचिन्हांची ती तीन पाने पाहिल्यापासून हा विषय डोक्यात आहे. माझी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये गेली, त्यामुळे या इतिहासाचा काही भाग डोळ्यांसमोर घडला. यंत्राने माणसाशी माणसाच्या भाषेत बोलावे यासाठी काय काय करावे लागले, आणि मराठीच्या वाट्याला ते कधी आले, ते आज सांगतो.

दोनशे छप्पन्न घरे

कॉम्प्युटर मराठीत आहे असे आपण म्हणतो तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. पडद्यावर मराठी अक्षरे दिसणे ही पहिली. कळफलकावरून ती लिहिता येणे ही दुसरी. आणि यंत्र स्वतः जे बोलते, म्हणजे त्याचे मेनू, त्याचे प्रश्न, त्याच्या तक्रारी, ते मराठीत असणे ही तिसरी. पहिल्या दोन असूनही तिसरी नसू शकते. अण्णांचे तसेच झाले होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या अक्षरांच्या तक्त्यात २५६ घरे होती. इंग्रजी लिपी, आकडे, विरामचिन्हे, युरोपातली काही अक्षरे आणि चौकटी आखण्याच्या रेघा एवढ्यात ती घरे संपली. ग्रीकांनी, रशियनांनी, पोर्तुगीजांनी काय करायचे? उत्तर निघाले ते भाडेकरू बदलण्याचे. घरे तेवढीच ठेवायची, पण निरनिराळ्या देशांसाठी त्यांत निरनिराळी अक्षरे राहायला आणायची. अशा प्रत्येक तक्त्याला कोड पेज म्हणत आणि त्याला क्रमांक असे. मूळ अमेरिकन तक्ता ४३७, पश्चिम युरोपातल्या बऱ्याच भाषांना चालणारा ८५०. १९८७ सालच्या एमएस-डॉस ३.३ पासून हे तक्ते बदलण्याची सोय झाली. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये देशाचा क्रमांक लिहायचा, कळफलकासाठी आणखी एक आज्ञा द्यायची, मग तक्ता बदलायची तिसरी. एखादा स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

एवढे करूनही बदलत ती फक्त अक्षरे. डॉस स्वतः बोलत असे ती वाक्ये त्याच्या प्रोग्रॅममध्येच भरलेली असत, पुरणपोळीत पुरण असते तशी. पुरण बदलायचे तर पोळीच नवी लाटावी लागते. म्हणून जर्मन बोलणारे डॉस हवे असेल तर जर्मन आवृत्ती विकत घ्यायची. त्या आवृत्तीत नुसती वाक्ये बदललेली नसत. 'होय की नाही' असे विचारल्यावर इंग्रजी डॉस 'वाय' किंवा 'एन'ची वाट पाहते. जर्मन माणूस 'या' म्हणतो, त्याचे पहिले अक्षर 'जे', म्हणून जर्मन डॉसला 'जे' हे उत्तर समजावे लागे. भाषा बदलणे म्हणजे नुसते बोलणे बदलणे नव्हे, ऐकणेही बदलणे, हे तेव्हापासूनचे.

जपान्यांची अडचण आणखी मोठी. हजारो कांजी अक्षरे २५६ घरांत कशी मावणार? एनईसी कंपनीच्या ९८ मालिकेची यंत्रे १९८२ पासून आली. त्यांत ही अक्षरे पडद्यावर काढण्यासाठी खास चिप असे. यंत्रच जपानी. पुढे १९९० मध्ये आयबीएमच्या जपानी शाखेने डॉस/व्ही काढले आणि साध्या यंत्रावर, खास चिपेशिवाय, केवळ सॉफ्टवेअरच्या जोरावर जपानी अक्षरे दाखवली. हा फरक लक्षात ठेवा, कारण आपल्याकडेही गाडी याच दोन स्थानकांवरून गेली.

पुण्याचे कार्ड

आपल्याकडची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली. भारतीय लिप्या संगणकावर कशा बसवाव्यात यावर तिथे १९८० च्या दशकात मूलभूत काम झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम 'जिस्ट' या नावाने पुण्याला आले. पुणे म्हटले की महासंगणक 'परम' आठवतो, पण सामान्य माणसाच्या दृष्टीने जिस्टचे महत्त्व कमी नाही.

त्यामागची मूळ कल्पना सुरेख होती. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिप्या दिसायला वेगवेगळ्या असल्या तरी वर्णमाला एकाच रचनेची. क, ख, ग, घ सगळीकडे त्याच क्रमाने. मग प्रत्येक लिपीला वेगळा तक्ता कशाला? 'क' या ध्वनीला एक क्रमांक द्यायचा, तो देवनागरीत दाखवायचा की कन्नडमध्ये हे नंतर ठरवायचे. या तत्त्वावर 'इस्की' नावाचा सांकेतिक तक्ता तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून त्याला मान्यता मिळाली. कळफलकाची 'इनस्क्रिप्ट' रचनाही याच विचाराची: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने.

डॉसच्या काळात हे सगळे चालवण्यासाठी जिस्टचे एक कार्ड यंत्राच्या आत बसवावे लागे. ते बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी मजकूर भरता येई. पगारपत्रकात नाव मराठीत, गाव मराठीत. पण मजकूर मराठी झाला तरी यंत्र इंग्रजीच राहिले. फ्लॉपी भरली, छपाईयंत्रात कागद नाही, फाइल सापडत नाही, हे सगळे ते इंग्रजीतच सांगे. वाड्यातले सगळे मराठी बोलतात आणि कारभारी तेवढा परक्या भाषेत हुकूम सोडतो, असा तो प्रकार.

मग विंडोज आले आणि कार्डाची गरज संपली. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आले त्या सुमारास मराठी लिहिण्यासाठी निरनिराळे फाँट मिळू लागले होते. आपल्या इकडच्या मंडळांचे अंक तोवर कुणाच्या तरी सुवाच्य अक्षरात लिहून झेरॉक्स होत असत. ते छापील दिसू लागले ते या फाँटांमुळे, तेव्हा त्यांचे ऋण नाकारू नये. पण त्यांची युक्ती भाडेकरू बदलण्याचीच होती. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचा तुकडा आणून बसवायचा. यंत्राला वाटे आपण इंग्रजीच लिहितो आहोत, माणसाला मराठी दिसे. फाँट बदलला की सोंग उतरे आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कालवा दिसे. प्रत्येक कंपनीची घरवाटणी वेगळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येईना. आणि ज्या यंत्राला आपण मराठी लिहितो आहोत हेच ठाऊक नाही, ते स्वतः मराठीत बोलणार कसे? त्या काळच्या विंडोजवर मेनूच काय, फाइलचे नावसुद्धा नीट मराठीत देता येत नसे.

पावणेतीन लाख आणि सव्वासहा कोटी

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक भांडण चालू होते. १९९८ साली आइसलँडची लोकसंख्या सुमारे पावणेतीन लाख होती, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तिथल्या लोकांना विंडोज आइसलँडिक भाषेत हवे होते. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे असे की एवढ्या छोट्या बाजारपेठेसाठी भाषांतराचा खर्च परवडत नाही.

हे लोक आपल्या भाषेबद्दल विलक्षण हट्टी. परके शब्द उचलण्याऐवजी ते जुन्या शब्दांतून नवे घडवतात. कॉम्प्युटरला त्यांचा शब्द आहे 'तोल्वा'. आकडा आणि भविष्य सांगणारी स्त्री या दोन अर्थांचे जुने शब्द जोडून तो बनवला आहे. अशा लोकांच्या मुलांनी दिवसभर इंग्रजी मेनू पाहत वाढावे हे त्यांना मानवण्यासारखे नव्हते. सरकारने प्रश्न हाती घेतला, जगभरच्या वृत्तपत्रांत बोभाटा झाला, आणि जानेवारी १९९९ मध्ये करार झाला. कंपनीने विंडोज ९८ आइसलँडिकमध्ये द्यायचे, सरकारने सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल रोखायची. स्पेनमध्ये कातालोनियाच्या प्रांतिक सरकारने तर विंडोज ९८ कातालान भाषेत यावे म्हणून स्वतःच्या तिजोरीतून पैसे मोजले.

१९९१ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सव्वासहा कोटी लोक होते. पावणेतीन लाखांना जे मिळाले ते सव्वासहा कोटींना का मिळाले नाही? आपल्या संमेलनांत हा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते: आपल्याला अभिमान नाही. टाळ्या पडतात. पण ते पुरे उत्तर नाही.

पहिले कारण लिपीचे. आइसलँडिकची खास अक्षरे पश्चिम युरोपच्या तक्त्यात आधीपासून घर करून होती. त्यांना हवे होते ते फक्त भाषांतर. आपल्याला मात्र दोन पायऱ्या चढायच्या होत्या. विंडोज ९८ ला देवनागरी लिपीच येत नव्हती, मग भाषांतर केले तरी दाखवणार कुठे?

दुसरे कारण गिऱ्हाइकाचे. १९९८ मध्ये महाराष्ट्रात कॉम्प्युटर विकत घेणारा माणूस बहुधा इंग्रजी जाणणारा असे, आणि त्याची तक्रार नव्हती. ज्याला मराठीवाचून चालले नसते तो दुकानापर्यंत पोचलाच नव्हता, म्हणून कोणाच्या मोजणीत आला नव्हता. जो नाही त्याची मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून तो नाही, असा हा फेरा. आइसलँडमध्ये सरकारने तो तोडला. आपल्याकडे तो बाहेरून, दुसऱ्याच कारणाने सैल झाला.

चौकटीतली खूण

ते कारण म्हणजे युनिकोड. २५६ घरांत भाडेकरू बदलत बसण्याऐवजी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच मोठी वसाहत बांधावी, ज्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचे कायमचे घर असेल, अशी ही योजना. ऑक्टोबर १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात देवनागरी होती, आणि तिची मांडणी आपल्या इस्कीच्या १९८८ च्या तक्त्यावरून घेतलेली होती. कानपूर-पुण्याचे काम वाया गेले नाही, ते जगाच्या तक्त्यात जाऊन बसले.

पण घर मिळाल्याने लगेच संसार मांडता येत नाही. देवनागरी रांगेत उभी राहणारी लिपी नाही. 'शि' म्हणताना श आधी आणि इ नंतर, पण कागदावर वेलांटी आधी येते. 'स्त्री'मध्ये तीन व्यंजने एकमेकांत शिरतात. आपल्या मराठीचा 'ऱ्य' तर हिंदीवाल्यांनाही चक्रावून टाकतो. 'आचार्य' आणि 'दऱ्या' यांतला फरक आपल्या डोळ्याला सहज कळतो, यंत्राला तो शिकवावा लागला. 'ॲ' या अक्षराला स्वतःचे घर मिळायला तर २००८ साल उजाडले. तोवर 'ॲ'च्या जागी हिंदीतल्यासारखा 'ऍ' लिहायचा, नाहीतर अ-वर चंद्र चिकटवण्याच्या नाना तऱ्हा करायच्या.

ही जुळवाजुळव करणारी यंत्रणा घेऊन फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आले. देवनागरी आणि तमिळ लिप्या समजणारे ते पहिले विंडोज. 'मंगल' हा फाँट त्याच्याबरोबरच आला. त्याच विंडोजमध्ये दुसरी एक गोष्ट घडली जी भाषेच्या दृष्टीने मला अधिक मोलाची वाटते. पुरण आणि पोळी वेगळी झाली. यंत्राचे काम एका बाजूला आणि त्याची वाक्ये निराळ्या फाइलींमध्ये, अशी रचना आली. एकाच यंत्रावर अनेक भाषांच्या वाक्यांचे संच ठेवायचे आणि प्रत्येक वापरणाऱ्याने आपापली भाषा निवडायची. नवरा फ्रेंच पाहील, बायको जर्मन पाहील, यंत्र तेच. भाषा ही दुकानात ठरणारी गोष्ट न राहता घरात ठरणारी गोष्ट झाली.

अर्थात सगळ्यांच्या घरात नव्हे. ही बहुभाषी आवृत्ती सुरुवातीला मोठ्या संस्थांनाच ठोक परवान्यावर मिळे. सामान्य माणसासाठी २००१ च्या विंडोज एक्सपीनंतर एक मधला मार्ग निघाला. इंग्रजी विंडोजवर पांघरायची भाषेची एक पातळ शाल: लँग्वेज इंटरफेस पॅक. नेहमी लागणारे मेनू आणि चौकटी तेवढ्या तिच्यात भाषांतरित केलेल्या, खोल आतले सगळे इंग्रजीतच. शाल फुकट होती. २००४ नंतरच्या काळात हिंदीपाठोपाठ मराठीतही ती आली.

तोवर एक वाट अशीही उघडली होती जिच्यावर कोणाची परवानगी लागत नव्हती. लिनक्स ही सर्वांना मोकळी असलेली प्रणाली. तिची वाक्ये कोणीही उघडून आपल्या भाषेत लिहावीत आणि परत पाठवावीत. २००० च्या आसपास इंडलिनक्ससारखे गट उभे राहिले, आणि नोकरी सांभाळून रात्री भाषांतरे करणाऱ्या तरुणांनी मराठी मेनू तयार केले. आइसलँडच्या सरकारला जे मागावे लागले ते इथे चार पोरांना आपल्या हाताने करता आले.

शब्द कोणी द्यायचे?

पण कोणते शब्द? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शिवछत्रपतींनी कारभाराची भाषा फारसीतून बाहेर काढायची ठरवली तेव्हा रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. सुमारे चौदाशे शब्दांचा तो कोश. त्यातले काही रुजले, काही कोशातच राहिले, आणि अर्ज, जमीन, कागद आजतागायत आपल्या तोंडी आहेत. कोश करणारा शब्द देतो, ठेवायचा की नाही हे बोलणारा ठरवतो.

कॉम्प्युटरच्या मराठीचेही तसेच झाले. 'रद्द करा' हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागला नाही, अरबीतून आलेला असला तरी तो आपल्या रेशनकार्डापासून रेल्वे तिकिटापर्यंत सगळीकडे होता. 'जतन करा' हा मला आवडलेला शब्द. 'सेव्ह'पेक्षा त्यात माया अधिक आहे. 'प्रारंभ' जरा सोवळ्यातला, एखाद्या कार्यक्रमपत्रिकेवरून उतरल्यासारखा. 'फाइल' आणि 'फोल्डर' यांना हात न लावण्याचे शहाणपणही दाखवले गेले.

खरी कसरत शब्दांची नसते, व्याकरणाची असते. इंग्रजी यंत्र 'अमुक हटवले' असे वाक्य तयार ठेवते आणि 'अमुक'च्या जागी हवे ते नाव घालते. मराठीत फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवले. रिकाम्या जागेत काय येणार हे ठाऊक नसताना क्रियापदाचे लिंग कसे ठरवायचे? मग 'हटवण्यात आले आहे' अशी सरकारी वाक्यरचना करावी लागते, आणि आपण वाचणारे नाक मुरडतो की काय हे बोजड मराठी! ते बोजड होण्याला पुष्कळदा भाषांतर करणारा जबाबदार नसतो, त्याच्या हाती आलेला साचा जबाबदार असतो. हे कळल्यापासून मी नाक मुरडणे कमी केले आहे.

अण्णांचा फोन

२००६ च्या नाताळच्या सुट्टीत मी साताऱ्याला गेलो तो त्या प्रश्नचिन्हांचा वचपा काढायचा असे ठरवूनच. प्रत्येक मराठी अक्षर युनिकोडमध्ये सुखरूप होते, पण जतन करताना ते जुन्या २५६ घरांच्या तक्त्यात कोंबले गेले होते, आणि ज्याला तिथे घर नाही त्याच्या जागी यंत्र प्रश्नचिन्ह ठेवते. गेलेली अक्षरे परत येण्यासारखी नव्हती. निदान पुढच्या वेळी प्रश्न मराठीत यावा म्हणून मी शाल पांघरायला घेतली. यंत्राची मूळ सीडी दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात सापडली. तासाभराने पडद्याच्या कोपऱ्यात 'प्रारंभ' उमटले. अण्णा खूश. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. "तू पण शीक," असे म्हणून मी आईच्या नावाचेही एक खाते काढले. खरे सांगायचे तर ते कौतुकापुरते, तिचे मन राखायला. तिलाही अर्ध्या तासात चार गोष्टी दाखवल्या आणि विमानात बसलो.

मार्चमध्ये अण्णांचा फोन आला. माझे रात्रीचे साडेनऊ, त्यांचे सकाळचे सात.

"अरे, ते परत इंग्रजी कर."

"का? काय बिघडलं?"

"बिघडलं काही नाही. पण काही अडलं तर विचारू कुणाला? तो कोपऱ्यावरच्या क्लासमधला मुलगा म्हणतो, आजोबा, टूल्समध्ये जा. आता माझ्याकडे टूल्स आहेच कुठे, माझ्याकडे साधने आहे. तो येऊन बघतो आणि म्हणतो, आजोबा, हे मला वाचता येत नाही. पुस्तक आणलं, त्यातली चित्रं इंग्रजीत. मी एकटाच मराठीत बसलोय."

परत इंग्रजी करतानाही गंमत झाली. मला सगळी नावे इंग्रजीत पाठ, त्यांच्यासमोर मराठी. "वरून तिसरे, मग उजवीकडचे दुसरे" असे मोजत मोजत, हजारो मैलांवरून, आम्ही बापलेकांनी मराठी उतरवली.

त्यांचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. पडद्यावरची भाषा ही एकट्याची आवड असू शकत नाही, असे मला त्यातून दिसले. आपण त्या भाषेत अडखळलो तर त्याच भाषेत उत्तर देणारा जवळपास असावा लागतो. क्लास, पुस्तक, शेजारचा मुलगा, दुरुस्तीला येणारा, सगळ्यांची मिळून ती एक भाषा असते. आइसलँडने मागितले ते सगळ्या देशाने मिळून मागितले, म्हणून ते मिळालेही आणि वापरलेही गेले. आपल्याला ती शाल मिळाली, पण शाल पांघरून हिंडायला सोबत मिळाली नाही.

पुढे दार आणखी उघडले. २०१२ च्या विंडोज ८ पासून भाषा बदलण्याची सोय थोडे अपवाद वगळता सर्व सामान्य आवृत्त्यांत आली. आज खिशातल्या फोनलाही दोन-चार टिचक्यांत मराठी करता येते. एक्सपीची अधिकृत देखभाल एप्रिल २०१४ मध्ये थांबली आणि अण्णांसारखी यंत्रे आच्छादनाखाली गेली. तुमच्या आमच्या फोनचा पडदा मात्र बहुधा अजून इंग्रजीतच आहे. माझाही होता.

दुसरे नाव

"त्यांचं बघितलंस, आता माझं बघ की," आई मागून म्हणाली.

मी दुसऱ्या नावावर टिचकी मारली. कोपऱ्यात 'प्रारंभ'. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फोनवरून इंग्रजी केले ते अण्णांच्या खात्यात. भाषेची निवड ज्याची त्याची वेगळी असते हे माझ्या धंद्यातले ज्ञान, पण आईच्या खात्याची मला आठवणही राहिली नव्हती. तिथे मराठी तशीच होती, इतकी वर्षे.

सातवीपर्यंत शिकलेली माझी आई. तिला इंग्रजीत सांगणारे कोणी नव्हते, कारण तिला कोणी काही सांगतच नव्हते. शेजारच्या मुलाला ती विचारायला गेली नाही, क्लासला गेली नाही. अण्णा दुपारी झोपले की ती बसायची. आत फाइली होत्या, नावे मराठीत. 'दूध'. 'भिशी'. 'लोणच्याचे प्रमाण'. आणि एक 'भूकंप'.

उघडली. अक्षरे जागच्या जागी. जेमतेम सव्वा पान, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा गोंधळ. पहाटे भांडी कशी पडली, शाळेची भिंत कुठून फाटली, पोफळीकडून आलेल्या माणसांना वर्गात कसे झोपवले, अण्णांनी कोणाच्या घरी भाकरी मागितल्या.

"पुन्हा लिहायला तयार नव्हते ते," आई म्हणाली. "एकदा गेलं ते गेलं म्हणायचे. पण चहा घेताना सांगायचे. मी टिपून ठेवलं. सगळं नाही जमलं."

"आणि तुझी अक्षरं गेली नाहीत?"

"ते विचारायचं की, अक्षरं जातील, चालेल का म्हणून. मी म्हणायची नाही चालणार. रद्द करा दाबायची आणि तू दाखवलंस ते खालचं दुसरं निवडायची."

सॉफ्टवेअरच्या गिऱ्हाइकांच्या कोणत्याही मोजणीत माझी आई कधी आली नसेल. मागणी करणाऱ्यांत ती नव्हती, संमेलनात टाळ्या वाजवणाऱ्यांत नव्हती, आणि मी तिचे खाते काढले तेही कौतुकापुरते. ती भाषांतरे करत रात्री जागलेल्या माणसांना आपण हे कोणासाठी करतो आहोत ते नेमके सांगता आले नसेल. मला आता सांगता येईल.

कॉम्प्युटर भंगारात दिला नाही. त्या सव्वा पानाची प्रत घेऊन मी इकडे परत आलो. आणि विमानात बसल्या बसल्या स्वतःच्या फोनची भाषा मराठी केली. परत इंग्रजी करावीशी वाटली तर ते बटण कुठे आहे, हे मला अजून नीट सापडलेले नाही. सापडेपर्यंत राहू दे म्हणतो.